नवी मुंबईत जन्मलेली नेपाळी जोडप्याची मुलगी: नागरिकत्व कुठलं, कागद कुठले?

खारफुटी | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

आमच्या नेरुळच्या सोसायटीत वॉचमनच्या खोलीत एक नेपाळी कुटुंब राहतं. दोघंही सुदूरपश्चिमेतल्या अछाम जिल्ह्याचे. दाजू (नेपाळीत थोरला भाऊ, आम्ही त्यांना तसंच म्हणतो) रात्रपाळी करतात, वहिनी आमच्याच इमारतीत तीन घरी पोळ्या लाटतात. २८ ऑगस्टला, दीड दिवसाच्या गणपतींची विसर्जनाची धांदल चालू असताना, महापालिकेच्या रुग्णालयात त्यांना मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी ठणठणीत आहेत. काळजी कागदांची आहे.

सोसायटीत जो तो वेगळं सांगतोय. कुणी म्हणतं, "इथे जन्मली ना, मग भारतीयच. आधार काढून टाका." कुणी म्हणतं, परदेशी लोकांना जन्मदाखलाच मिळत नाही. त्यात एक एजंट येऊन गेला. पैसे द्या, दाखला, आधार, रेशनकार्डात नाव, पुढे मतदार कार्डसुद्धा, सगळं करून देतो म्हणाला. दाजूंनी त्याला अजून होकार दिलेला नाही, पण मन डळमळायला लागलंय. म्हणून घाईने विचारते आहे.

दाजूंकडे नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र आहे आणि पूर्वी इथे काढलेलं आधार आहे. वहिनींकडे यातलं काहीच नाही. नागरिकता काढायच्या वयाच्या आधीच लग्न झालं आणि मग त्या इकडे आल्या.

तिकडची परिस्थिती तर आपण बघतोच आहोत. ८ आणि ९ सप्टेंबरला तरुणांच्या आंदोलनात जे झालं त्यात सिंहदरबार (तिथलं सरकारी मुख्यालय) जळाला, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, परवा सुशीला कार्कींनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. जिल्ह्याच्या कचेऱ्यांतली दप्तरं शाबूत आहेत की नाहीत, या विचाराने दाजूंना झोप नाही.

तर ही मुलगी भारतीय की नेपाळी? तिचा दाखला निघेल का? उद्या शाळेत अडेल का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी लिहा. तेवीस वर्षांची पोर पहिल्या बाळंतपणात कागदांच्या धास्तीने रडते आहे, ते बघवत नाही.

येऊर | १४ सप्टेंबर, रात्री १०:१५

भारतातच जन्मली म्हणजे भारतीयच ना? आमच्या वर्तकनगरच्या जुन्या चाळीत एक नेपाळी काका होते. त्यांचा मुलगा १९७९ चा, ठाण्यातच जन्मलेला, माझ्याच वर्गात होता. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, रीतसर. त्याची बायको नेपाळची, पण मुलीचाही पासपोर्ट भारतीयच आहे. मग या बाळाला का मिळू नये?

कोलशेत | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मी वकिली करतो, थोडं सविस्तर लिहितो. येऊर यांनी दिलेलं उदाहरण अगदी खरं आहे आणि तरीही या बाळाला ते लागू होत नाही. त्याचं कारण तारखांत आहे.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ३ मध्ये जन्माने मिळणारं नागरिकत्व आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो भारतीय, मग आई-वडील कुठलेही असोत. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं वगैरे मोजके अपवाद सोडा. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी घट्ट झाली: दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

आता येऊर यांचा वर्गमित्र घ्या. जन्म १९७९ चा, म्हणजे तो जन्मानेच भारतीय. त्याच्या मुलीचे वडील भारतीय आणि आई नेपाळी. नेपाळी माणूस इथे परवानगीनेच राहतो, तो बेकायदा स्थलांतरित ठरत नाही. म्हणून मुलगीही जन्माने भारतीय. खारफुटीताईंच्या सोसायटीतल्या बाळाचे मात्र दोन्ही पालक नेपाळी नागरिक आहेत. ती भारतीय नागरिक नाही.

तारखेवर केवढं अवलंबून असतं त्याचं गाजलेलं प्रकरण म्हणजे नामग्याल डोलकर यांचं. तिबेटी निर्वासितांच्या घरात, १९८६ मध्ये हिमाचलात जन्म. पासपोर्ट नाकारला गेला. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की जन्म १ जुलै १९८७ च्या आधीचा आहे, त्यामुळे त्या जन्माने भारतीयच आहेत. दीड वर्ष उशिरा जन्मल्या असत्या तर हा निकाल लागला नसता.

हे बाळ भारतीय नसलं तरी बेकायदा नाही, हे त्या दोघांना नीट समजावून सांगा. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची, फिरण्याची मुभा दिली. नेपाळी माणसाला इथे यायला-राहायला व्हिसा लागत नाही. याच महिन्याच्या १ तारखेपासून परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, त्यातही नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांची ही सवलत कायम आहे. पोलीस येऊन बाळाला उचलून नेतील वगैरे जे कुणी सांगत असेल, त्याला गप्प बसवा.

आणि त्या एजंटला दारात उभं करू नका. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचा दाखला एजंटशिवायच मिळतो. मतदार कार्ड तर परदेशी नागरिकाने घ्यायचंच नसतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात खोटं निवेदन करून यादीत नाव घालण्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. एजंट पैसे घेऊन पसार होईल, गुन्हा दाजूंच्या नावावर राहील.

मोरपंखी | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आता निवृत्त आहे. दाखल्यापुरतं लिहिते.

आपल्याकडे जन्माची नोंद नागरिकत्व बघून होत नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे भारताच्या भूमीवर झालेला प्रत्येक जन्म नोंदवायचा असतो. आई-वडील नेपाळी असोत, जपानी असोत, नोंद होणार म्हणजे होणार. जन्म रुग्णालयात झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. प्रसूतीनंतर एक अर्ज भरून घेतात, तो दाजूंनी भरला होता का एवढं विचारा.

मुदत एकवीस दिवसांची, त्यात पैसे पडत नाहीत. एकवीस ते तीस दिवसांत थोडं विलंब शुल्क. तीस दिवस ते एक वर्षात वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. अलीकडे महाराष्ट्रात उशिराच्या नोंदींची तपासणी फार कडक झाली आहे, तेव्हा त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नका. २८ ऑगस्टचा जन्म म्हणजे तुमच्या हातात अजून तीन-चार दिवस आहेत. उद्याच रुग्णालयात जाऊन नोंद पुढे गेली का बघा, नंतर विभाग कार्यालयातून दाखला घ्या.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर पालकांचा आधार क्रमांक विचारतात. कायद्यात तो "उपलब्ध असल्यास" असा आहे. वहिनींकडे आधार नाही म्हणून नोंद अडवता येत नाही. खिडकीवर कुणी अडवलं तर आवाज न चढवता हेच शब्द सांगा आणि लेखी उत्तर मागा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

बाळाचं नाव ठरलं नसेल तरी थांबू नका. नावाशिवाय नोंद होते, वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. पण एक लक्षात ठेवा: वडिलांचं नाव आणि आडनाव त्यांच्या नेपाळी नागरिकता प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, काना-मात्रेसकट, अर्जात लिहा. आधारवरचं स्पेलिंग बघून लिहू नका. आधारवर आपल्याकडच्या कुणी थापाचं थापर करून ठेवलं असेल तर तीच चूक बाळाच्या जन्मदाखल्यात जाते आणि पुढे नेपाळातल्या कचेरीत बाप-लेकीचं नातंच जुळत नाही.

खारफुटी | १५ सप्टेंबर, दुपारी ४:१०

कोलशेत, मोरपंखीताई, तुमचे किती आभार मानू. तुमचे प्रतिसाद दोघांना वाचून दाखवले, हिंदीत समजावले. "बेकायदा नाही" हे ऐकून वहिनींचा चेहरा उजळला. एजंटला नाही म्हणून सांगितलं. उद्या सकाळी मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात जाते आहे.

आता नेपाळच्या बाजूचं कुणाला माहीत आहे का?

उपवन | १५ सप्टेंबर, रात्री ११:२०

मला आहे. माझी बायको बांके जिल्ह्यातली, नेपाळगंजजवळची. लग्नानंतर बरीच कागदपत्रं मीच फिरून केली.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या ११व्या कलमात लिहिलं आहे की जन्माच्या वेळी वडील किंवा आई नेपाळी नागरिक असेल तर अपत्य वंशाच्या आधाराने नेपाळी. जन्म कुठे झाला याचा त्यात अडसर नाही. म्हणजे नेरुळची ही मुलगी पहिल्या श्वासापासून नेपाळची नागरिक होऊ शकते, फक्त ते कागदावर यायला हवं.

तिथे तीन पायऱ्या आहेत. पहिली, वडा कार्यालयात (आपल्या वॉर्ड ऑफिससारखं) जन्मदर्ता, म्हणजे जन्माची नोंद. दुसरी, लहानपणी लागलंच तर जिल्हा प्रशासन कार्यालयातून नाबालक परिचयपत्र, म्हणजे अल्पवयीन मुलाचं ओळखपत्र. तिसरी, सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकता प्रमाणपत्र. सोळाव्या वर्षी जन्मदर्ता आणि आई-वडिलांची नागरिकता समोर ठेवावी लागते. तेव्हा आईकडे नागरिकता नसली की मुलांची फार परवड होते. म्हणून बाळाइतकंच वहिनींचं प्रमाणपत्रही तातडीचं समजा. वडिलांची किंवा नवऱ्याची नागरिकता आणि लग्नाची नोंद यावर ते निघतं.

जन्मदर्ताची मुदत पस्तीस दिवस. ती टळली तर किरकोळ विलंब शुल्क पडतं, बाकी काही बिघडत नाही. एवढ्याशा बाळाला घेऊन आताच धावू नका. मुंबईहून दिल्ली, तिथून बसने बनबसा नाहीतर गौरीफंटा, पुढे धनगढीहून डोंगरातला रस्ता, आणि पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. कुटुंबप्रमुखाने माहिती दिली की नोंद होते, बाळ समोर असलंच पाहिजे असं नाही. दाजू दशैंला (तिकडच्या दसऱ्याला) गावी जाणार असतील तर इथला जन्मदाखला आणि स्वतःची नागरिकता घेऊन एकट्याने जाऊ देत.

दप्तरांची भीती वाटणं साहजिक आहे. पण जन्मदर्ताचं काम गावपातळीवरच्या वडा कार्यालयाचं असतं. गावी फोन करून ते चालू आहे का, एवढं विचारून घ्या.

दाखल्यावरची तारीख इंग्रजी असेल, तिथे विक्रम संवतात लिहितात. २८ ऑगस्ट २०२५ म्हणजे १२ भदौ २०८२. ही जोडी एका चिठ्ठीवर लिहून दाजूंच्या खिशात द्या. एका दिवसाच्या फरकाने लोकांना पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागलेले मी पाहिले आहेत.

रीडिंगकर | १६ सप्टेंबर, पहाटे ३:५०

मूळची नौपाड्याची, आता इंग्लंडात. धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे माझ्याच मुलाबद्दल चाललंय.

आमचा मुलगा इथे जन्मला तेव्हा ठाण्यात आईने सगळ्या आळीत पेढे वाटून "नातू ब्रिटिश झाला" म्हणून सांगितलं. तो ब्रिटिश झालेला नव्हता. १ जानेवारी १९८३ पासून इथे जन्मलेलं मूल ब्रिटिश होण्यासाठी आई किंवा वडील ब्रिटिश किंवा कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेले लागतात. आम्ही दोघं नोकरीच्या व्हिसावर. म्हणजे रीडिंगच्या रुग्णालयात जन्मलेलं आमचं बाळ भारताचं नागरिक, आणि तेही आम्ही कागद केले म्हणून.

ते कागद असे. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला आपल्या कायद्याच्या कलम ४ ने वंशाने नागरिकत्व मिळतं, पण ३ डिसेंबर २००४ नंतरच्या जन्मांना एक अट आहे: एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांचं निवेदन. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी मागत बसावं लागतं. आमच्या ओळखीत एका जोडप्याने "करू निवांत" म्हणत वर्ष घालवलं आणि त्यांना फार त्रास झाला.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांसाठी. बाळ ब्रिटनमध्येच आहे तोवर त्याला व्हिसा नसला तरी चालतं. पण बारशाला ठाण्याला आणलं की परत जाताना त्याला पालकांवर अवलंबून असलेल्याचा व्हिसा लागतो. त्याचं शुल्क वेगळं, शिवाय आरोग्य अधिभार, जो मुलांसाठी सध्या वर्षाला ७७६ पौंड आहे. तेव्हा "तिकीट काढ आणि ये" असा हट्ट मुलीकडे धरू नका. आधी व्हिसाचं होऊ द्या. पुढे आई-वडिलांपैकी एकाला कायमचं वास्तव्य मिळालं की इथे जन्मलेल्या मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. नाहीतर आयुष्याची पहिली दहा वर्षं इथेच राहिल्यावर मुलाला स्वतःच्या बळावर तो हक्क मिळतो.

जन्म एका देशात, नागरिकत्व दुसऱ्या देशाचं, राहायची परवानगी तिसऱ्या कागदावर. त्या वहिनींच्या मनात काय चाललं असेल ते मला नीट कळतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

हडसनकाठ | १६ सप्टेंबर, सकाळी ६:३०

अमेरिकेची गोष्ट वेगळी. इथे १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्मभूमीवरून नागरिकत्व मिळतं, आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी आई-बापांच्या मुलालाही ते दिलं. पण २० जानेवारी २०२५ चा अध्यक्षांचा आदेश आमच्यासारख्या एच-१बी (नोकरीच्या तात्पुरत्या) व्हिसावाल्यांच्या बाळांनाही त्यातून वगळू पाहतो. न्यायालयांनी तो रोखला आहे, जुलैत न्यू हॅम्पशरच्या न्यायालयाने अशा सगळ्या बाळांच्या वतीने स्थगिती दिली. माझी पत्नी सातव्या महिन्यात आहे. रोज बातम्या उघडताना पोटात गोळा येतो. नेरुळच्या त्या आई-वडिलांना निदान कायदा काय आहे हे आज ठाऊक आहे, हेही थोडं नाही.

घोडबंदर_रोड | १६ सप्टेंबर, सकाळी ११:००

यात एक प्रकार राहिला, तो परत आलेल्यांचा. आम्ही दोघं जन्माने अस्सल ठाणेकर, पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेले आणि आता ओसीआयवर (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर) इथे राहणारे. आमची धाकटी मुलगी ठाण्यातच झाली. ती भारतीय नागरिक नाही! दोघंही पालक कागदोपत्री परदेशी, म्हणून कलम ३ ला बसत नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे आपल्यातल्या भल्याभल्यांना माहीत नसतं. तिच्यासाठी अमेरिकन वकिलातीत जन्माचा अहवाल, त्यांचा पासपोर्ट, मग परकीय नागरिक नोंदणी कार्यालय, मग ओसीआय, असा सगळा प्रवास केला. २००६ साली आंध्रात अशाच पालकांच्या पोटी जन्मलेल्या एका मुलीला भारतीय पासपोर्ट नाकारला, ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. तेव्हा प्रसूतीला भारतात येणाऱ्या ओसीआय जोडप्यांनी आधी चौकशी करून या.

पारसिक | १६ सप्टेंबर, रात्री ८:४५

मी थोडा वेगळा विचार मांडतो, राग मानू नका. १९८६ आणि २००३ च्या दुरुस्त्या उगाच झाल्या नाहीत. आसामच्या आंदोलनाने काय सोसलं ते आठवा. सीमा उघड्या असलेल्या देशात नुसत्या जन्मावरून नागरिकत्व देणं परवडणारं नाही. आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना आधार सहज मिळत गेलं, म्हणूनच आज खऱ्या लोकांना त्रास होतोय.

कोलशेत | १६ सप्टेंबर, रात्री १०:१०

पारसिक, १९८५ चा आसाम करार आणि त्यानंतरची दुरुस्ती हा इतिहास बरोबर आहे. आधारबद्दल मात्र स्पष्ट करतो. आधार हा रहिवासाचा कागद आहे. वर्षात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही तो रीतसर मिळतो, नेपाळ-भूतानच्या नागरिकांना दहा वर्षांच्या मुदतीचा. गेल्याच महिन्यात ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असलं म्हणून कुणी भारताचा नागरिक ठरत नाही, त्यासाठी १९५५ चा कायदाच बघावा लागतो. म्हणजे दाजूंकडे आधार असण्यात काही गैर नाही, आणि त्याच्या जोरावर बाळ भारतीयही होत नाही.

कायदा कडक असावा की नसावा यावर आपलं दुमत राहू द्या. पण बाळाची नोंद वेळेवर होणं कडक कायद्यालाही हवंच असतं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं ७वं कलम जन्मल्याबरोबर नोंद, नाव आणि राष्ट्रीयत्व मिळण्याचा हक्क देतं, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. कुठल्याच देशाच्या दप्तरात नाव नसलेलं मूल इथे वाढण्यात कुणाचंच भलं नाही.

पारसिक | १६ सप्टेंबर, रात्री १०:३०

हे मान्य. नोंद झालीच पाहिजे. खारफुटीताई, रुग्णालयात किंवा विभाग कार्यालयात सोबत कुणी हवं असेल तर मी सीबीडी बेलापूरलाच असतो, कळवा.

रानजाई | १७ सप्टेंबर, दुपारी १२:२०

मी अंगणवाडीत काम करते. लसीकरणाला नागरिकत्व लागत नाही. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब झालं असेल, आता दीड महिना पूर्ण झाला की जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात न्या. लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायला सांगा. इथे वास्तव्य होतं याचा पुढे तोच एक भक्कम पुरावा होतो, कारण त्यावर तारखा आणि शिक्के असतात.

शाळेचं विचारलं होतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या "प्रत्येक बालका"साठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एका शाळेने माझ्या वस्तीतल्या नेपाळी मुलाला आधारसाठी परत पाठवलं होतं. आईच्या हातात या कायद्याची मराठी प्रत दिली आणि मी बरोबर गेले, प्रवेश झाला. ही वेळ यायला तुमच्या बाळाला अजून बरीच वर्षं आहेत.

खारफुटी | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

सगळ्यांना कळवायला हवं म्हणून लिहिते. रुग्णालयाने नोंद वेळेत पाठवली होती. आईच्या आधाराची अडचण निघाली, मोरपंखीताईंनी सांगितलेलं वाक्य तसंच्या तसं म्हटलं आणि काम झालं. दाखल्यावर दाजूंचं आडनाव नागरिकतेप्रमाणेच आलं आहे. मी तिथल्या तिथे दोन्ही कागद शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

दाजू दशैंला एकटे गावी जाऊन आले. वडा कार्यालय चालू होतं, नोंद झाली, जन्मदर्ताचा कागद घेऊन ते परवा परतले. नागरिकता काढायला वहिनी थंडी ओसरल्यावर बाळाला घेऊन जातील, तोवर त्यांच्या माहेरहून त्यांच्या वडिलांच्या नागरिकतेची नक्कल मागवली आहे. पुढेमागे दाजूंना इथलं नागरिकत्व घ्यायचं असेल तर काय?

कोलशेत | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१५

कलम ६ खाली अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं भारतात वास्तव्य हवं. अर्ज ऑनलाइन असतो आणि पडताळणी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, म्हणजे नेपाळचं सोडावं लागेल. गावी जमीन असेल तर तो निर्णय घरच्यांशी बोलूनच घ्यावा. आई-वडील भारतीय झाले तर अल्पवयीन मुलीची नोंदणी कलम ५ खाली होऊ शकते. भाडेकरार, सोसायटीची पगारपत्रकं, लसीकरण कार्ड हे सगळं आजपासून एका फाइलीत लावत चला.

उपवन | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

यात भर घालतो. नेपाळी माणसाचं लग्न भारतीयाशी झालं असेल तर सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. आम्ही ते अजून केलेलं नाही, बायकोला माहेरच्या कागदावर नाव राहावंसं वाटतं, आणि तो तिचा हक्क आहे.

घणसोली_नाका | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

धागा उशिरा वाचला. आमच्याकडे बांधकामावर एक नेपाळी जोडपं आहे, त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. जन्म साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत, दवाखान्यात नाही. कुठेच नोंद नाही. आता काही होईल का?

मोरपंखी | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:००

होईल, पण वेळ लागेल आणि प्रत्येक कागद खरा लागेल. आधी जिथे जन्म झाला तिथल्या विभाग कार्यालयातून "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला घ्या. मग दंडाधिकाऱ्यांच्या आदेशासाठी अर्ज. त्याला जोडायला लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाला आलेल्या दाईचं किंवा आशाताईंचं निवेदन, त्या काळात आई-वडील त्याच साइटवर होते याचा ठेकेदाराकडचा हजेरीपट, आणि दोघांची नेपाळी कागदपत्रं. यातलं जे नाही ते नाही म्हणून सांगा, भर घालायला बनावट काही जोडू नका. ठेकेदार हजेरीपट द्यायला कां-कूं करत असेल तर मला निरोप पाठवा, अर्जाचा मसुदा मी लिहून देईन.